मोटर, खोडरबर आणि तीन स्केचपेन

प्रिय वर्षा,

सप्रेम नमस्कार.

चौथीच्या वर्गासाठी रोबोटिक्सचा तयार संच मागवू का, असं तू विचारलंयस. नको मागवूस. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेतली प्रयोगशाळा, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते, प्राथमिकच्या वाट्याला ती येत नाही, हे खरं. पण एका महागड्या संचाभोवती दहा मुलं उभी राहिली की जोडणी दोघं करतात आणि बाकीची नुसती बघत राहतात. त्यापेक्षा चित्र काढणारं थरथरतं यंत्र कर.

चाळीस मुलं, चौघांचा गट, म्हणजे दहा यंत्रं. खेळण्यात असतात तसल्या तीन व्होल्टच्या बारा मोटरी घे, दोन जादा असू देत. दोन पेन्सिल सेल बसतील असे बारा होल्डर आणि चोवीस सेल. पाव किलो श्रीखंडाचे रिकामे डबे आधीपासून सांगून ठेवलंस तर घरूनच येतील. शिवाय स्केचपेन, खोडरबर आणि डबल टेप. मोटरी वायर सोल्डर केलेल्याच घे. मोटरीच्या पाठीवरच्या पत्र्याच्या जिभा इतक्या नाजूक असतात की मुलांनी दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात, आणि ती मोटर कामातून जाते.

पहिल्या तासाला डब्याला हातच लावू देऊ नकोस. फक्त मोटर आणि सेल. दांड्यावर कागदाची चिमुकली पट्टी चिकटवायला सांग, म्हणजे फिरण्याची दिशा दिसते. मग वायरींची अदलाबदल करू दे. पट्टी उलटी फिरेल हे त्यांना आधी सांगू नकोस.

दुसऱ्या तासाला डबा पालथा घालायचा. बाहेरून सारख्या अंतरावर तीन स्केचपेन, टोकं काठाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर येतील अशी चिकटवायची. तीनच पाय का, ते चार पायांचं एक यंत्र करून दाखव. तीन टोकं जमिनीला नेहमी टेकतात. चारांत एक जरी आखूड राहिलं तर यंत्र डुगडुगतं. मोटर वर आडवी, दांडा काठाबाहेर, आणि तोल राहावा म्हणून सेलचा होल्डर विरुद्ध बाजूला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खोडरबर. दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा काप, तो मोटरीच्या दांड्यावर बसवायचा. कर्कटकाच्या टोकाने भोक तू स्वतःच पाड, आणि ते मध्यभागी नाही, एका टोकाजवळ. भोक मध्यावर पडलं तर खोडरबर छान फिरतो आणि यंत्र जागचं हलत नाही. वजन एका बाजूला असलं तरच मोटर सगळ्या डब्याला हिसके देते. एखाद्या गटाला मुद्दाम मध्यावर भोक पाडलेला तुकडा दे आणि कारण त्यांनाच शोधू दे. भोक दांड्याहून अरुंद हवं, नाहीतर तुकडा उडून डोळ्याला लागेल. मोटर सुरू असताना तोंड खाली नेऊन बघायचं नाही, हा नियम कडक ठेव.

यंत्र बंद पडलं की मुलं तुझ्याकडे धावतील. तू हात लावू नकोस. फळ्यावर क्रम लिहून ठेव: सेल उलटे बसलेत का, होल्डरच्या स्प्रिंगला टेकतात का, वायरीचं टोक पुरेसं सोललंय का, खोडरबर डब्याला घासतोय का. शेवटचा दोष नेहमी नजरेतून सुटतो. दांडा अडला की मोटर फिरत नाही पण वीज खेचत राहते आणि तापते, म्हणून लगेच वायर काढायला सांग. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी कोणी आणलीच तर बाजूला ठेव. या मोटरीला ती झेपत नाही. सेलच्या दोन्ही टोकांच्या वायरी थेट एकमेकींना टेकल्या तरी सेल चांगलेच तापतात. तास संपला की सेल मोजून परत घे. बटण सेल तर वर्गात आणूच नकोस. गिळला गेला तर जिवावर बेततं.

चालायला लागलं की कागदावर सोडा. मग एका वेळी एकच बदल: एक पेन थोडा वर घ्या, किंवा खोडरबर लहान करा, किंवा वायरी उलटवा. आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, आता रेघा कशा येतील? हा अंदाज लिहिणं मला यंत्राइतकंच मोलाचं वाटतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

याला रोबो म्हणायचं का, असं एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच. नाही म्हणूनच सांग. ते काही ओळखत नाही, ठरवत नाही. आज्ञा पाळणं शिकवायचं तर जमिनीवर खडूने चौकटी आख. गणितज्ञ सिमोर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा केली आणि पुढे जमिनीवर फिरणारं ‘कासव’ नावाचं छोटं यंत्र तिच्या आज्ञांवर चालवलं. तेच काम इथे एक मूल करेल. ‘एक चौकट पुढे’, ‘उजवीकडे वळ’, ‘डावीकडे वळ’, एवढ्याच आज्ञा. ‘उजवीकडे वळ’ म्हटलं की बरीच मुलं जागेवर न वळता उजव्या चौकटीत सरकतात. आणि समोर उभं राहून आज्ञा देणारा स्वतःचा उजवा हात धरून बोलतो. दोन्ही चुका होऊ देत. आज्ञा आधी कागदावर पूर्ण लिहायची, मधे बदलायची नाही. चुकलं तर कोणत्या ओळीत चुकलं तिथे खूण करायची.

आधी दोनच मोटरी आणून घरी एक यंत्र करून बघ. कागदावर काय उमटलं, ते मात्र पाठव मला.

तुझी,
मीनल