दीपगृहाच्या छायाचित्राखाली त्याची ओळखही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले दीपगृहांच्या छायाचित्रांचे पान पाहिले, सोबतचा लेखही वाचला. छायाचित्रे देखणी आहेत. प्रत्येकाखाली मनोऱ्याची उंची आहे, पायऱ्यांची संख्या आहे, बांधकामाचे साल आहे. पण ज्या कामासाठी तो मनोरा तिथे उभा केला, त्याबद्दल एकाही चित्राखाली अक्षर नाही. त्याचा दिवा किती सेकंदांत किती वेळा चमकतो?

मी मालवाहू जहाजांवर सेकंड ऑफिसर होते. रात्री १२ ते ४ ही वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, सेकंड ऑफिसरकडे असते. त्या वेळी ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतून, मनोरा दिसत नाही. क्षितिजावर टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश दिसतो, तोही क्षणभर. तेवढ्यावरून तो कोणता दिवा हे ठरवायचे असते. दीपगृह वाट दाखवते असे लेखात म्हटले आहे, ते मला पटत नाही. ‘मी अमुक ठिकाण आहे’ एवढेच ते सांगते. वाट आपली आपण नकाशावर आखायची असते, आणि दिवा ओळखण्यातच चूक झाली तर ती आखलेली वाटही खडकावर नेते.

अटलांटिकवरून इंग्लिश खाडीत शिरतानाचे दिवे घ्या. बिशप रॉक दर १५ सेकंदांत २ फ्लॅश देतो. वुल्फ रॉक १५ सेकंदांत १, लिझर्ड ३ सेकंदांत १, एडिस्टन १० सेकंदांत २, स्टार्ट पॉइंट १० सेकंदांत ३. हे सगळे फ्लॅश पांढरेच. बिशप रॉक आणि एडिस्टन दोन्ही दोनदाच चमकतात, त्यामुळे नुसते ‘दोन फ्लॅश’ मोजून भागत नाही, घड्याळ लागते. बिशप आणि वुल्फ यांचा काळ सारखा, तिथे संख्या लागते. शेजारशेजारच्या दोन दिव्यांत गोंधळ होऊ नये अशा बेताने ही वाटणी केलेली असते. कोणत्या दिव्याची कोणती खूण हे चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, दिव्याशेजारी आणि ‘लिस्ट ऑफ लाइट्स’ या पुस्तकात दिलेले असते. खुणा बदलतातही, म्हणून दर आठवड्याला निघणाऱ्या सूचनांप्रमाणे चार्ट दुरुस्त करणे हे सेकंड ऑफिसरचेच काम. कंटाळवाणे वाटते, पण ते का करायचे हे पुढे सांगते.

मोजायची रीत अशी. पहिला फ्लॅश दिसला की स्टॉपवॉच सुरू. गट संपतो, अंधार होतो, पुन्हा गटातला पहिला फ्लॅश येतो, तेव्हा एक फेरी झाली. अशा तीन-चार फेऱ्या मोजून सरासरी काढायची. एका फेरीवर विश्वास ठेवायचा नाही. छोटी बोट लाटांच्या खळग्यात गेली किंवा मध्ये पावसाची सर आली की एखादा फ्लॅश हुकतो, आणि १० सेकंदांत ३ देणारा स्टार्ट पॉइंट १० सेकंदांत २ देणारा एडिस्टन होऊन बसतो.

रंगावरही एकदम भरवसा ठेवू नये. धुरकट हवेत पांढरा दिवा तांबूस दिसतो. लाल प्रकाश पांढऱ्याइतका दूर जात नाही. दीपगृहे बांधणारे इंजिनियर रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८११ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यापुढील बेल रॉक खडकावर लाल-पांढरा आलटून-पालटून चमकणारा दिवा लावला, वेगळी ओळख मिळाली. पण अशा दिव्याचे फार दूरून फक्त पांढरे फ्लॅश दिसतात. लाल रंग आता बहुधा विशिष्ट दिशेपुरता वापरतात. खडक असलेल्या बाजूने येणाऱ्याला तोच दिवा लाल दिसतो, मोकळ्या पाण्यातून येणाऱ्याला पांढरा.

लेखात दिवा ‘लुकलुकतो’ असे आहे. जुन्या मोठ्या दीपगृहांत दिवा लुकलुकत नाही, तो अखंड जळत असतो. त्याच्याभोवती काचेची भिंगे फिरतात, आणि एकेक झोत आपल्यावरून गेला की आपल्याला फ्लॅश दिसतो. दोन भिंगे जवळजवळ बसवली आणि पुढे मोठी जागा सोडली, की दोन फ्लॅशचा गट तयार. ही रचना येण्याआधी स्थिर दिव्यांना वेगळे ओळखायचे कसे, याचे उत्तर महागडे होते: मनोरेच जास्त बांधायचे. इंग्लिश खाडीतल्या कॅस्केट्स खडकांवर १७२४ मध्ये तीन मनोरे उभे केले, ते इंग्लंड-फ्रान्सच्या दिव्यांशी गल्लत होऊ नये म्हणून. संगणकाच्या इतिहासात ज्यांचे नाव येते त्या चार्ल्स बॅबेज यांनी १८५१ मध्ये सुचवले होते की प्रत्येक दिव्याने ठरावीक वेळा झाकोळून आपला क्रमांकच सांगावा. अमेरिकेतल्या मिनॉट्स लेजचा दिवा १८९४ पासून १-४-३ अशा गटांत चमकतो, तो या विचाराच्या जवळ जातो.

दिवसा दिवा उपयोगाचा नसतो, तेव्हा मनोऱ्याचा रंग बोलतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर केप हॅटरसला काळे-पांढरे सर्पिल पट्टे आहेत, बोडी आयलंडला आडवे पट्टे, केप लुकआउटला चौकटी, आणि करिटक बीचचा मनोरा मुद्दाम न रंगवता लाल विटांचाच ठेवला आहे. आपल्या पानावर हॅटरसचे चित्र होते आणि पट्टे ‘सजावट’ म्हटले होते. ती सजावट नाही.

आता ती दुरुस्तीची गोष्ट. १८४६ च्या सप्टेंबरमध्ये इंजिनियर ब्रुनेल यांनी बांधलेले ‘ग्रेट ब्रिटन’ हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघाले आणि आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात वाळूवर चढले. कॅप्टनला सेंट जॉन्स पॉइंटचा दिवा दिसला होता. तो १८४४ मध्ये सुरू झालेला, त्याच्या चार्टवर नव्हता. त्याने तो आयल ऑफ मॅनजवळच्या काफ ऑफ मॅन या छोट्या बेटावरचा मानला, कारण त्याच्या हिशेबाने तिथे तोच असायला हवा होता. जहाज जवळजवळ वर्षभर अडकून पडले.

माझ्या पहिल्या कॅप्टनची सक्त सूचना होती: दिवा दिसला की आधी मोज, कागदावर लिही, मग पुस्तक उघड. आधी पुस्तक पाहिले की डोळे पुस्तकातलाच दिवा मोजतात. रात्रीच्या सूचनांत ते आणखी एक लिहीत: अपेक्षित वेळेला दिवा दिसला नाही तर मला उठवा. ती वेळ आधी काढता येते. दिवा समुद्रसपाटीपासून ४९ मीटरवर आणि आपला डोळा १६ मीटरवर असेल, तर दिवा क्षितिजावर सुमारे २३ सागरी मैलांवरून उगवतो. हवा स्वच्छ असेल तर त्याआधीच त्याची आभा क्षितिजामागे फिरताना दिसते.

जीपीएस असताना हे कशाला, असे वाचक विचारतील. जीपीएसचे सिग्नल दाबून टाकता येतात, खोटेही पाठवता येतात, आणि पडदा तेव्हाही तितक्याच ठामपणे आकडा दाखवत राहतो. तो आकडा खरा की खोटा हे पडदा सोडून बाहेर पाहिल्यावरच कळते. म्हणून दीपगृहांना केवळ पर्यटनाची जुनी वास्तू म्हणून दाखवलेले मला बोचते.

माझी विनंती एका ओळीची आहे. यापुढे दीपगृहाचे चित्र छापाल तेव्हा खाली उंचीच्या जोडीला ‘पांढरा, १० सेकंदांत २ फ्लॅश’ अशी त्याची ओळखही द्यावी. माहिती सहज मिळते, जागा फार लागत नाही. आणि किनाऱ्यावर रात्री उभ्या असलेल्या कुणालाही हातातल्या घड्याळावर ती पडताळून पाहता येईल. फक्त आधी मोजावे आणि छापलेले नंतर वाचावे.

आपली,
एक निवृत्त सेकंड ऑफिसर