वैशूला पत्र, त्या ८० हजारांच्या कोर्सबद्दल

प्रिय वैशू,

तुझा परवाचा मेसेज वाचला तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून आज सुट्टी आहे तर नीट बसून लिहितेय. व्हॉइस नोटमध्ये हे सगळं मावलं नसतं.

तू पाठवलेला जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी दोनदा वाचला. ग्राफिक डिझायनर पाहिजे, खाली फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ, इथपर्यंत ठीक, मग वेबसाइट बांधायची सगळी कामं, एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, वर्डप्रेस, पीएचपी येत असल्यास प्राधान्य, वर व्हिडिओ एडिटिंग, आणि पगार २२ हजार. आणि त्याच्याखाली तू लिहिलंयस की १२ वर्षं काम करून आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागलंय गं, फुल स्टॅकचा, म्हणजे वेबसाइटचा पुढचा-मागचा सगळा कोड शिकवणारा, ८० हजारांचा कोर्स लावू का, बाकीचं नंतर बघू, आईकडून उसने घेते. ते वाचून फार वाईट वाटलं मला. तुझ्यासारखं देवनागरी लेटरिंग करणारी बाई मी पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी दुसरी पाहिली नाही.

तर आधी हे सांगते, तो कोर्स आत्ता लावू नकोस. वेब शीक, नक्की शीक, पण या जाहिरातीच्या धाकाने नको. माझ्यावर जे गेलं ते तुला पूर्ण कधी सांगितलंच नव्हतं.

२०१६ साली मी इथे एका एजन्सीत इंटरव्ह्यूला गेले होते. पोर्टफोलिओमध्ये तो गुळाचा बॉक्स होता, आठवतो का, एक किलोचा, गोंद न लावता नुसत्या लॉकवर बसणारा, ज्याच्या डायसाठी, म्हणजे कापायच्या साच्यासाठी, मी चार वेळा डमी कापली होती आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, उलटा गेला की घडीवर फुटायचा म्हणून परत कापली होती. समोरच्या माणसाने पोर्टफोलिओ दोन मिनिटं चाळला, बॉक्स हातात सुद्धा घेतला नाही, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाला, मेनू बार कोड करून दाखवा, मोबाईलवर नीट दिसला पाहिजे. मी ४० मिनिटं तशीच बसले. मग उठून थँक यू म्हणून बाहेर आले. बसमध्ये गर्दी होती, मांडीवरच्या बॉक्सचा एक कोपरा दबला आणि मला रडू आलं. कोड आला नाही याचं नाही एवढं, बॉक्स कोणी उघडून बघितला नाही याचं.

त्या रागानेच मी शिकायला लागले, खरं सांगते. फुकट शिकले, एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या शिकवणाऱ्या वेबसाइटवरून, रात्री साडेनऊ ते अकरा, जेवणं आटपल्यावर. तीन-चार महिन्यांत एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, आणि सीएसएस, म्हणजे त्याचं रूप, हाताला बसलं. आणि वैशू, सीएसएस मला परकं वाटलंच नाही. मार्जिन, पॅडिंग, कॉलम, दोन ओळींमधलं अंतर, हे सगळं आपण कॉलेजात पट्टी-पेन्सिलने केलेलंच आहे. अवघड एकच गोष्ट गेली, ती म्हणजे इथे कागदाला माप नसतं. ए-फोर म्हणजे ए-फोर हे तिथे चालत नाही, पान मोबाईलवर अरुंद होतं, टीव्हीवर पसरतं, आणि आपल्याला ठरवावं लागतं की अरुंद झाल्यावर कोण खाली जाईल आणि कोण जागेवर राहील.

तुला कोल्हापूरच्या उद्यमनगरातला तो छापखाना आठवतो? सरांनी सेकंड इयरला आपल्याला आठवडाभर नुसतं उभं केलं होतं तिथे. चार रंगांच्या चार प्लेटा कशा चढतात, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची बैठक, अर्धा मिलिमीटर हललं तर बारीक पांढरी अक्षरं कशी भरून जातात, कापायच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर जादा रंग, म्हणजे ब्लीड, का द्यायचं, गुळगुळीत आर्ट पेपरवर आणि साध्या मॅपलिथो कागदावर तोच लाल वेगळा का दिसतो, हे आपण डोळ्याने बघितलं. म्हणून आपल्या फायली प्रेसवाले परत पाठवत नव्हते. पण कोणी आपल्याला असं म्हणलं का, की पोरींनो आता मशीन पण तुम्हीच चालवा? मशीनमन वेगळा होता, त्याचं कसब वेगळं होतं, त्याला पगार वेगळा होता. तो आवाजावरून ओळखायचा की पाणी जास्त झालंय. आपण त्याचं ऐकायचो, तो आपलं ऐकायचा, आणि काम चांगलं व्हायचं. वेबचं पण अगदी असंच आहे. आपल्याला प्रेसवर आठवडाभर उभं राहायचंय. मशीनमन व्हायचं नाही.

आता तेवढ्या शिकण्याचा उपयोग काय झाला ते सांगते, कारण तू म्हणशील मग शिकूच कशाला.

दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची वेबसाइट केली, डिझाइन माझं आणि कोड करणारा चेन्नईचा मुलगा, हुशार, कामाला एकदम पक्का, पण देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. पहिली लिंक आली, उघडली, आणि हेडिंग बघून पोटात गोळा आला. 'शुद्ध, अस्सल सांगलीची हळद' असं मोठ्या अक्षरात होतं आणि प्रत्येक अक्षराची शिरोरेषा तुटलेली, नुसते सुटे सुटे तुकडे, वर शु चा उकार खालून कापलेला आणि ली ची वेलांटी वरून छाटलेली. त्याला काहीच चुकलेलं दिसत नव्हतं कारण त्याने इंग्रजी हेडिंगसाठी जे ठेवतात तेच सगळं ठेवलं होतं. मी ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलं. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, लावलेलं होतं. इंग्रजीत त्याने कॅपिटल अक्षरं हवेशीर दिसतात, पण आपल्या लिपीत अक्षरं रेषेला धरून असतात, मध्ये फट टाकली की रेषाच मोडते. ते शून्य केलं. ओळ एकजात अखंड झाली. मग लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.१ होती ती १.५ केली, कारण आपल्याला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार दोन्हीकडे जागा लागते, आणि डब्याबाहेरचं कापून टाकायची जी सूचना होती ती काढली. उकार आला, वेलांटी आली.

तरी काहीतरी खटकत होतं. बघते तर ल आणि श हिंदीचे होते! दंडाचा ल, गाठीचा श. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श नव्हताच. फॉन्टमध्ये दोन्ही होते, पण पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कोणी सांगितलंच नव्हतं, सगळीकडे इंग्रजीच लिहिलेलं. एचटीएमएलच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड एमआर असा केला, दोन अक्षरं फक्त, आणि रिफ्रेश केल्यावर सांगलीतला ल पाकळी उघडून उभा राहिला. फॉन्टमध्ये ती सोय असावी लागते, प्रत्येकात नसते, पण इथे होती. मी त्या मुलाला आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवला, कारण समजावलं, तर तो इतका खूश झाला की पुढे त्याने तमिळ साइटचे पण असले प्रॉब्लेम मला दाखवायला सुरुवात केली. व्यापाऱ्याच्या वडिलांनी साइट बघून म्हणलं, हे आपलं अक्षर दिसतंय. त्यांना कोड काय माहीत, पण अक्षर बरोबर ओळखलं.

हे काम नुसता कोडवाला करू शकला नसता आणि मी इन्स्पेक्ट उघडायला शिकले नसते तर मी पण नुसती तक्रार करत बसले असते. एवढ्यासाठी शिकायचं. आणि तू तर अक्षरावर जगणारी आहेस, तुला हे माझ्या आधी दिसलं असतं.

आता दुसरी बाजू. मध्ये दोन वर्षं मी अशा ठिकाणी होते जिथे मला 'येतं' म्हणून सगळंच माझ्याकडे आलं. आधी डिझाइन, मग कोड, मग होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, मग फॉर्म भरला तर मेल का येत नाही, मग साइटच्या जोडभागांचे, प्लगइनचे, अपडेट. पगार मात्र डिझायनरचाच. दसऱ्याच्या आदल्या रात्री एका क्लायंटची साइट अपडेटनंतर बंद पडली, मी रात्री दोनपर्यंत होस्टिंगवाल्यांशी फोनवर. दुसऱ्या दिवशी १६ पानी ब्रोशर प्रेसला जायचं होतं, झोपेत प्रूफ वाचलं, फोन नंबरातला एक आकडा चुकला आणि ५ हजार प्रती छापून आल्या. चूक माझीच, मी ती कबूल केली. पण त्या रात्री मी घरी असते तर ती झाली नसती. सगळ्यात जास्त दुखलं ते हे की त्या दोन वर्षांत डिझाइन म्हणून दाखवावं असं माझ्या हातून एकही काम झालं नाही. कोडही मधलाच, डिझाइनही मधलंच.

लोक असं का मागतात यावर मी खूप विचार केलाय. सगळे लबाड नसतात. छोट्या एजन्सीला क्लायंट म्हणतो लोगो, ब्रोशर, वेबसाइट सगळं एका पॅकेजमध्ये द्या, पैसे एकाचेच, मग मालक माणूस पण एकच शोधतो. दुसरं म्हणजे आजच्या बऱ्याच मालकांनी २००० च्या आसपास काम सुरू केलं, तेव्हा एकच माणूस फोटोशॉपमध्ये पान काढायचा, त्याचे तुकडे करायचा, ड्रीमवीव्हर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबलात बसवायचा, फ्लॅशमध्ये हलता इंट्रो करायचा, झाली साइट. तेव्हा ते जमत होतं. मग २००७ ला आयफोन आला, २०१० ला इथन मार्कोट या वेब डिझायनरने स्क्रीनप्रमाणे बदलणाऱ्या पानाला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं, २०१३ ला रिअॅक्ट हे कोडचं साधन आलं, सिक्युरिटी वाढली, आणि एका माणसाचं काम दोन-तीन धंद्यांचं झालं. जाहिरात मात्र जुनीच राहिली, एचआर ती कॉपी करून खाली दोन नवीन शब्द जोडतं. आणि फ्लॅशचं काय झालं ते बघ, ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबीने बंदच केलं. माझ्या एका सिनियरने फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट भाषेत आठ वर्षं घातली होती. त्यांची रंगाची नजर अजून कामाला येते, ती आठ वर्षं नाही येत. म्हणून म्हणते, ८० हजार टूलवर घालताना दहादा विचार कर, उसने काढून तर नकोच.

तू काय शीक ते सांगते. एचटीएमएलचा सांगाडा, सीएसएस, त्यात पानावर भाग मांडायच्या दोन पद्धती, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड, नीट, इन्स्पेक्ट वापरायला. रंगाचा कॉन्ट्रास्ट, साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ तरी पाहिजे, आपला आवडता फिका करडा त्यात नापास होतो, मी तो सोडला. एसव्हीजी, म्हणजे मोठी केली तरी न फाटणारी चित्राची फाइल, कशी द्यायची. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते, त्यामुळे एकाच फॉन्टची चार-पाच वजनं, जाड-बारीक प्रकार, एका पानावर लादायची नाहीत. जावास्क्रिप्ट वाचून अंदाज आला तरी पुरे. पीएचपी, सर्व्हर, डेटाबेस हे सोड, ज्याला त्यात गोडी आहे त्याला ते करू दे. रोज दीड तास दिलास तर दिवाळीपर्यंत होईल.

आणि त्या जागेसाठी जायचंच असेल तर जा, पण घाबरून नको. तूच त्यांना विचार, डेव्हलपर आहे का की मीच? साइट रात्री बंद पडली तर फोन कोणाला? आठवड्यात डिझाइन किती आणि कोड किती? दोन्ही करायचं असेल तर पगार दोन्हीचा धरून बोला म्हणावं, आणि जे ठरेल ते ऑफर लेटरमध्ये लिहून घे. या प्रश्नांवर जो चिडेल त्याच्याकडे काम करायचं नाही, मी ते करून बसलेय. नीट उत्तर देणारे पण असतात, आत्ता मी जिथे आहे तिथे मॅडमनी स्वतःच सांगितलं की कोड तू करायचा नाही, पण कोड करणाऱ्याशेजारी बसायचं. पाच वर्षं झाली.

मला सारखे आपल्या कोल्हापूरचे सिनेमावाले बाबूराव पेंटर आठवतात. पडदे रंगवणारा माणूस, त्यांच्याबरोबर काम करणारे आनंदराव गेल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेला सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवून पुरा केला. कोणाच्या जाहिरातीत लिहिलं होतं म्हणून नाही, चित्र हलतं करायचं होतं म्हणून. आणि तेव्हाही दामलेंसारखे शिष्य हाताशी होते, सगळं एकट्याने नव्हतं. तू पण त्या ओढीने शीक गं. तुझं अक्षर मोबाईलच्या स्क्रीनवर तसंच्या तसं दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी.

शनिवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल करते, लॅपटॉप घेऊन बस, तुझ्याच रंकाळ्याजवळच्या त्या भेळेच्या दुकानाच्या पाटीचं अक्षर आपण एका पानावर चढवू, पहिला धडा तोच. पाटीचा समोरून, सरळ उजेडात काढलेला फोटो पाठव. आणि कोर्सवाल्यांचा सवलत संपतेय म्हणून फोन आला तर शनिवारपर्यंत हो म्हणू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मनू