महाप्रसाद: भाताबाबत सूचना
स्वयंपाक आणि वाढप गटातील सर्व सभासदांसाठी.

भात शिजला तरी त्यातल्या बॅसिलस सेरिअस जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. पातेले कोमट झाले की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारे विष सोडतात. हे विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून सगळा भात सकाळीच शिजवून ठेवू नये. पंगतीनुसार थोडा थोडा लावावा आणि वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावा. दोन तासांहून जास्त कोमट राहिलेला टाकून द्यावा. (वास चांगला येतो, हा पुरावा नव्हे.) फ्रिजमध्ये ठेवायचा भात आधी परातीत पातळ पसरून निववावा, खोल पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो.

जुलाब थांबून ४८ तास झाल्याशिवाय कोणीही वाढपाला येऊ नये.