ठिबकचे अनुदान लागवडीच्या आधी मंजूर करा

मा. कृषीमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळी दोनदा लागते. मृगबाग जून-जुलैत आणि कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. टिश्यू कल्चरचे (प्रयोगशाळेत वाढवलेले) रोप पिशवीतून निघाले की त्याच दिवशी त्याला पाणी लागते, म्हणून आधी नळ्या पसरतात, मग रोप लागते. ठिबक अनुदानाचे वेळापत्रक या हंगामाशी जुळत नाही. आमची मुख्य तक्रार हीच.

योजना चांगली आहे, हे आधी सांगतो. अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राचे 55 टक्के आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून 25 टक्के, असे 80 टक्के अनुदान आहे. इतरांना 45 आणि 30 मिळून 75 टक्के. क्षेत्राची मर्यादा 5 हेक्टर.

गाडी अडते पूर्वसंमतीपाशी. महाडीबीटी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, निवड, कागदपत्रांची छाननी, मग पूर्वसंमती, म्हणजे संच घेण्याआधीची सरकारी मंजुरी. तिच्या आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. अर्ज एप्रिलात केला आणि संमती ऑगस्टात आली, तर मृगबाग लावणाऱ्याने काय करायचे? पाटपाण्यावर लागवड करून पुढे उभ्या बागेत नळ्या ओढायच्या, नाहीतर जूनमध्येच पदरच्या पैशाने संच बसवून अनुदानावर पाणी सोडायचे. उरते ती बिलाची तारीख पुढची टाकून घेण्याची वाट. ती खोटेपणाची आहे आणि सरळ माणसाला तिकडे ढकलणारा नियम बदललाच पाहिजे.

दुसरी अडचण पैशाची. विक्रेत्याला पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते, अनुदान मागाहून खात्यात येते. समजा बिल 1,20,000 रुपयांचे आहे आणि ते सगळे सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडात बसते. 80 टक्क्यांनी 96,000 येणे. एवढी रक्कम महिना 2 टक्क्यांनी उचलली, तर व्याज दरमहा 1,920 रुपये; दहा महिन्यांचे 19,200. शेतकऱ्याचा स्वतःचा हिस्सा 24,000 आहे. म्हणजे जवळजवळ दुसरा हिस्सा व्याजातच जातो. केंद्राचा आणि राज्याचा हप्ता वेगवेगळ्या वेळी आला की हा काळ आणखी लांबतो.

मोका तपासणीबद्दलही, म्हणजे संच बसल्यावर शेतात होणाऱ्या पाहणीबद्दलही, बोलायला हवे. ओळी दीड मीटरवर असतील तर एका हेक्टरला सुमारे 6,667 मीटर लॅटरल, म्हणजे ओळीतून जाणारी बारीक नळी, लागते. तेवढी नळी भरली, फिल्टर आणि व्हेंचुरी (पाण्यात खत सोडणारे साधन) जागेवर दिसली, फोटो निघाला की तपासणी आटोपते. शेवटच्या झाडाला पाणी पोचते का, हे कोण बघणार? त्यासाठी पंप चालू करून सर्वांत लांबच्या नळीच्या टोकाशी ड्रिपरखाली (थेंब सोडणाऱ्या तोटीखाली) मोजपात्र धरावे. ताशी 4 लिटरचा ड्रिपर 6 मिनिटांत 400 मिली देतो. 300 मिलीच निघाले तर सबमेन (लॅटरलना पाणी देणारी उपनळी) बारीक पडली आहे, एका व्हॉल्व्हवर जास्त क्षेत्र जोडले आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब पाहिला की तुंबल्याचे लगेच कळते. फरक दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोवर गेला असेल तर बॅकवॉश करून (उलटे पाणी सोडून फिल्टर धुऊन) पुन्हा मोजावे. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर असेल तर पाणी क्षाराचे आहे, तिथे आम्लप्रक्रिया (नळ्यांतून सौम्य आम्ल सोडून थर विरघळवणे) शिकवावी लागेल. पाऊण तासाचे काम आहे. सरकारचे पैसे पाण्यासाठी जातात, मग मोजायचे ते पाणीच.

आमच्या मागण्या अशा. मृगबागेच्या अर्जांना 15 मेपर्यंत आणि कांदेबागेच्या अर्जांना 15 ऑगस्टपर्यंत पूर्वसंमती किंवा कारणासह नकार द्यावा. ती तारीख चुकली तर अर्जाच्या तारखेनंतरचे बिल ग्राह्य धरावे. बिल चढवल्यापासून 15 दिवसांत तपासणी आणि त्यानंतर 30 दिवसांत दोन्ही हिस्से एकत्र खात्यात यावेत. शेतकऱ्याची संमती असेल तर अनुदानाची रक्कम परस्पर विक्रेत्याला द्यायची सोय करावी, म्हणजे शेतकऱ्याला फक्त आपले 24,000 उभे करावे लागतील.

आपले,
केळी उत्पादक आणि ठिबक जोडणी कारागीर, रावेर-यावल परिसर