रिकामं धरण म्हणजे वाया गेलेलं धरण नाही

संपादक साहेब, नमस्कार.

पूर अडवायला बांधलेल्या छोट्या मातीच्या धरणांबद्दल एकच ओरड सारखी ऐकू येते, एवढा खर्च केला आणि आत पाणीच नाही, वर्षभर कोरडं ठाक, मग निदान अर्धं तरी भरून ठेवा ना, आणि असं बोलणारी माणसं चांगली शिकलेली असतात. अहो ते रिकामं राहावं म्हणूनच तर बांधलंय! जोराचा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी तिथे येऊन थांबतं आणि खालच्या पाइपातून खालच्या ओढ्याला झेपेल तेवढंच हळूहळू सुटतं. आधीच अर्धं भरलेलं असेल तर पुराचं पाणी ठेवणार कुठे?

खरी बोंब वेगळीच आहे. कोरडं असतं म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. भरावावर झुडपं उगवतात, त्यांची झाडं होतात आणि लोक म्हणतात बरं झालं, मुळांनी माती धरली. माती गवत धरतं हो, झाड मेलं की त्याचं मूळ आत कुजतं आणि भरावात मनगटाएवढी पोकळ वाट राहते, पाणी चढलं की शिरायला आयतीच. घुशींची बिळं वेगळीच. २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा तर खेकड्यांच्या नावावर बिल फाडलं होतं, पण बिळं बुजवायचं काम काही खेकड्यांचं नव्हतं.

मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्याला घाबरायचं कारण नाही, बघायचा तो पाण्याचा रंग. नितळ असेल तर लक्ष ठेवायचं, गढूळ आलं तर आतली माती वाहून चाललीय आणि मग हातात तासच असतात. अमेरिकेतलं टीटन धरण (ते काही छोटं नव्हतं, ९० मीटरच्या वर उंच) ५ जून १९७६ ला सकाळी गढूळ गळायला लागलं, भोक बुजवायला बुलडोझर घातले तर तेच आत गेले आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं.

आणि सांडवा, म्हणजे धरण भरलं की जादा पाणी बाहेर जायची वाट. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की खेळ संपला, म्हणून सांडवा मोकळा हवाच हवा. अमेरिकेतल्याच साउथ फोर्क धरणाच्या सांडव्यात मासे पळून जाऊ नयेत म्हणून जाळ्या लावल्या होत्या, मासे! माथाही आधीच खाली घेतला होता, त्यात ३१ मे १८८९ च्या पावसात जाळ्यांना काडीकचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २२०९ माणसं गेली.

तेव्हा पावसाळ्याआधी कोणी तिकडे गेलंच तर पाणी किती आहे ते बघू नका, सांडव्यात आणि पाइपाच्या तोंडाशी काय अडकलंय ते बघा. झाड मोठं झालं असेल तर नुसता बुंधा कापून मोकळे होऊ नका, मूळ आतच राहतं, ते इंजिनियरच्या देखरेखीखाली खणून काढून तिथे माती थराथराने परत ठोकून भरावी लागते.

एक वाचक