मधोमध काय होतं?

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या जुन्या इंग्लिश चांदीच्या तबकाचे फोटो मिळाले. किंमत लिहिली नाहीस, म्हणजे बाबांना सांगायची नाही असं मी धरते.

नक्षी सुंदर आहेच, पण मी आधी पाठीवरचे ठसे, म्हणजे चांदी तपासून मारलेल्या खुणा, मोठे करून पाहिले. चालता सिंह, म्हणजे चांदी 92.5 टक्के. बिबट्याचं तोंड लंडनचं आणि त्याच्या डोक्यावर मुकुट आहे; तो मुकुट 1821 मध्ये गेला. शिवाय राजाचं डोकं कुठेच नाही. कर भरल्याची ती खूण 1784 पासून मारायला लागले, म्हणजे तुझं तबक त्याआधीचं. नेमकं साल दरवर्षी बदलणाऱ्या अक्षराच्या ठशावरून लागेल. अक्षराभोवतीची चौकटही बघ, कारण तीच अक्षरं फिरून फिरून येतात.

कडेचे शिंपले वेगळे ओतून मग झाळून जोडत. आतली वेलबुट्टी मात्र कोरलेली दिसते. कोरताना चांदी निघते, ठोकून उठवताना नुसती सरकते.

मध्यभाग कोरा आहे, तेच मला खटकलं. तिथे घराण्याचं चिन्ह कोरायची रीत होती. तबक दुसऱ्या घरी गेलं की ते पुष्कळदा घासून काढत. मध्यावर अंगठ्याने हलकेच दाबून बघ. पत्रा लवला तर समज.

गेल्या खेपेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मी वॉलपोलच्या, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधानाच्या, चौकोनी तबकापाशी किती वेळ उभी होते, आठवतं? तू कॉफीच्या रांगेत होतीस. राजा पहिला जॉर्ज 1727 मध्ये वारला, त्याच्या नावाची चांदीची सरकारी मुद्रा निकामी झाली आणि ती वॉलपोलला मिळाली. पॉल द लामेरी या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने तिच्यातून तबक घडवलं. वर मुद्रेच्या दोन्ही बाजू कोरल्या आहेत, त्या सावरून धरणारा हर्क्युलिस, मागे लंडन शहर. हे कोरीव काम हॉगार्थ या चित्रकाराचं मानतात. मोडीत घातलेल्या वस्तूचं चित्र तिच्याच चांदीवर! आपल्याकडे बांगड्या मोडून पाटल्या केल्या की बांगड्यांची आठवणसुद्धा कुणी ठेवत नाही.

तुझं तबक घासू मात्र नकोस. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, बस. आजीच्या तबकावरचा मोर मी दर दिवाळीला रांगोळीने घासून घासून घालवला. आता तो बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही.

आणि हो, आरशावर सोडतो तशी तोंडाची वाफ मध्यभागी सोडून बघ. पुसलेल्या रेघा असतील तर क्षणभर दिसतील. काय दिसलं ते लगेच कागदावर काढून ठेव, फोनला तेवढा वेळ मिळायचा नाही.

तुझी,
आई