इंदूरच्या होस्टेलवर, सोनूला

सोनू बाळा, जय ख्रिस्त.

रूममेट आपण ख्रिस्ती म्हणून टोमणे मारते, छातीत धडधडतं, दार लावून प्रार्थना करू का, ही तुझी व्हॉइस नोट रात्री ऐकली, सकाळी भाकरी थापताना परत लावली, पप्पांनाही ऐकवली. ते म्हणाले बोलावून घे तिला नगरला, इथं काय हॉस्पिटलं कमी आहेत का. तू मनावर घेऊ नको, त्यांची काळजी अशीच बाहेर पडते. फोन करावा तर तू एकतर वॉर्डात नाईटला असतेस नाहीतर झोपलेली, म्हणून लिहितेय, सवडीनं वाच.

तू म्हणालीस तसा विषय महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तुझं नाव न घेता. हात जोडलेले इमोजी भराभर आले, आणि एका मावशीनं लिहिलं की प्रभू विरोध करणाऱ्यांचा नाश करो, त्याखाली चार जणींनी आमेन पण टाकलं. मला ते अजिबात आवडलं नाही गं. उपासनेनंतर पाळक साहेबांशी बोलले, ते म्हणाले शुक्रवारच्या प्रार्थनासभेत बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला चौथा अध्याय तुम्हीच घ्या. म्हणून सध्या तोच वाचतेय.

येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना देवळाच्या दारातला लंगडा बरा केला म्हणून धरलं होतं ना, तो माणूस चाळीसच्या वरचा, जन्मापासून तसाच, सगळं गाव त्याला ओळखणारं, त्यामुळे यहुद्यांच्या धर्मसभेला शिक्षा करता येईना, मग नुसती धमकी देऊन सोडलं की परत येशूच्या नावानं बोलायचं नाही. आता सुटून आल्यावर मंडळीनं एकत्र बसून काय मागितलं ते बघ. दुसरं स्तोत्र आठवून म्हणाले, प्रभू, त्यांच्या धमक्या तू बघ, आणि आम्हाला तुझं वचन धैर्यानं बोलू दे. बास. त्यांना गप्प कर असं नाही, आम्हाला इथून दुसरीकडे ने असं पण नाही. ही प्रार्थना ऐकली गेली, जागा हादरली म्हणतात, आणि लगेच पुढच्याच अध्यायात परत तुरुंग आणि वरून फटके. म्हणजे सगळं सुरळीत होईल असा शब्द त्यात कुठंच नाही, हे मंडळात सांगितलं की बायकांची तोंडं पडतात, पण आहे ते आहे.

आणि हा पेत्र कोण, तर थोड्याच दिवसांपूर्वी अंगणातल्या एका मोलकरणीपुढं मी येशूला ओळखत नाही म्हणालेला. पौलासारखा माणूस सुद्धा बेड्यांत बसून इफिसच्या मंडळीला लिहितो की माझ्यासाठी प्रार्थना करा, मला धीटपणे बोलता यावं. मग तुझ्या छातीत धडधडलं तर त्यात काय लाजायचं.

आता तुझ्या रूममेटचं. "तुमच्या घरच्यांना किती पैसे मिळाले?" हे ऐकून तुला रडू आलं म्हणालीस. मला नाही येत, मी हे शाळेपासून ऐकतेय. पुढच्या वेळी विचारलं तर सरळ सांग. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा आपल्या जिल्ह्यात माणसं अन्नावाचून मेली, मिशनवाल्यांनी कामं काढली, धान्य दिलं, आणि गावकुसाबाहेरची कितीतरी घरं त्या काळात ख्रिस्ती झाली, त्यात आपलंही. हो, खाल्लं त्यांचं धान्य. उपाशी माणसानं खाल्लं यात कसली आलीय लाज? पण पुढं पाऊस चांगला पडला तरी ती माणसं देवळात येतच राहिली, त्याचं काय? आणि पैशाचंच म्हणशील तर हिशोब उलटा आहे. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, आपण अजून बाहेरच. तुझ्या मामाला शिकताना ती स्कॉलरशिप मिळाली नाही ती याच्यामुळंच. हे तिला चिडून सांगू नको, चहा पिताना सांग.

दार लावून प्रार्थना करू का, हे तू विचारलंस, त्यावर मी बराच विचार केला. पंडिता रमाबाईंनी पुण्यात हिंदू विधवांसाठी शारदा सदन चालवलं तेव्हा कोणावर धर्माची सक्ती नव्हती, पण त्या स्वतः ख्रिस्ती, लेकीबरोबर स्वतःची प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं, आणि मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. 1893 ला त्यावरून केवढं वादळ झालं, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. खरं सांगू का, मला त्या पालकांचा रागही कळतो, आपली पोर दुसऱ्याच्या भरवशावर ठेवलेली, धसका बसणारच. पण रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही, हेही मला तितकंच पटतं. तू तुझ्या खोलीत, तुझ्या कॉटवर बसून रोजच्यासारखं शास्त्र वाच. कोणी आलं म्हणून उशीखाली सरकवू नको, आणि कोणी आलं म्हणून आवाज पण चढवू नको.

वॉर्डात मात्र वेगळं. सिस्टरच्या अंगावर युनिफॉर्म असताना पेशंटला सुवार्ता सांगायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे, मग आपल्यातले काही लोक काहीही म्हणोत. तो बेडवर पडलेला, हाताला सलाईन, त्याला उठून जाता येत नाही, आणि ज्याला उठून जाता येत नाही त्याला ऐकवणं बरोबर नाही. त्यानंच विचारलं, सिस्टर माझ्यासाठी प्रार्थना कराल का, तर हो म्हण आणि कर. पत्रकं वाटायची नाहीत, आणि कोणाला पैशाची नाहीतर औषधाची मदत करशील तेव्हा त्यात धर्माचा शब्द आणायचा नाही, कारण तिथला धर्मांतराचा कायदा कडक आहे. मध्य प्रदेशात 1968 पासून असा कायदा होता, 2021 ला नवीन आला, आमिष, धमकी, फसवणूक यात धरलं तर काही वर्षांची जेल आहे, आणि धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी कलेक्टरला कळवायचं असं त्यात लिहिलंय. घटनेच्या 25 व्या कलमानं धर्म पाळायचा आणि सांगायचाही हक्क दिलाय, पण 1977 ला सुप्रीम कोर्टानं म्हटलं की सांगायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नाही, ती केस पण मध्य प्रदेशातलीच. मला विचारशील तर आमिष दाखवून आणलेला माणूस प्रभूला तरी कशाला पाहिजे असेल. पण आमिष कशाला म्हणायचं हे समोरचा ठरवायला लागला की भीती वाटते, हेही खरंय. काही वाकडं वाटलं तर एकटी बोलायला जाऊ नको, तिथल्या पाळकांना आणि ओळखीच्या वकिलांना आधी फोन.

आणि विरोध करणारा प्रत्येक जण वैरी नसतो बरं. नारायण वामन टिळकांनी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळ्यात मोठा विरोध लक्ष्मीबाईंचाच होता, काही काळ नवराबायको वेगळे राहिले, नंतर एकत्र आले तरी त्यांचं सोवळं चालूच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 ला, स्वतःच्या मनानं. आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे येशूवरचं काव्य पुढं पुरं केलं ते याच बाईंनी! तुझी रूममेट तुला टोमणे मारते, पण तुला ताप आला तेव्हा तिनंच खिचडी करून दिली होती, हे तूच सांगितलंयस.

लसणाची चटणी आणि तुझा स्वेटर पप्पांच्या मित्राबरोबर पाठवलाय, ते रविवारी पोचतील. शुक्रवारी आठला सभा आहे, नाईट नसेल तर व्हिडिओवर ये, नसलीस तरी तुझं नाव असणारच, तुला धैर्य मिळावं एवढंच मागणार आहे, त्या मावशींची प्रार्थना मी चालू देणार नाही. आणि तुझ्या रूममेटच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं ना, ते कसं झालं तिला विचारून मला गुरुवारपर्यंत कळव, त्यांच्यासाठी पण घ्यायचंय.

तुझी
मम्मी